भिंतीतली अक्का

नागपूर सोडून आम्ही बंगळुरूला आलो तेव्हा मुलगी जेमतेम चालायला लागली होती. नवऱ्याचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत, माझं काम घरूनच. एचएसआर लेआउटच्या कडेला एका जुन्या इमारतीत भाड्याने फ्लॅट मिळाला. शेजारी कोण आहे, खाली कोण आहे, हे विचारायचं राहूनच गेलं. लिफ्टमध्ये सगळे आपापल्या फोनकडे बघत उभे असायचे. मीही त्यांच्यातलीच.

फोनचं कसं कसं वाढत गेलं ते आता नीट सांगता येत नाही. सुरुवातीला इथे कोणी ओळखीचं नव्हतं म्हणून. मग काम संपल्यावर डोकं शिणलेलं असायचं म्हणून. मग काम चालू असताना. शेवटी कारण लागेनासं झालं. मुलगी समोर असली की अपराधी वाटायचं, त्यामुळे मी बाथरूममध्ये जाऊन बसायला लागले. दार लावायचं, कमोडचं झाकण खाली करून त्यावर बसायचं आणि रील्स बघायच्या. दोन मिनिटांत येते म्हणून जायचे आणि बाहेर येईपर्यंत पाय बधिर झालेले असायचे. काय पाहिलं असं कोणी विचारलं असतं, तर एकही गोष्ट सांगता आली नसती. झोपेत माझा अंगठा चादरीवर वरून खाली सरकत असतो, असं नवऱ्याने एकदा सांगितलं. तेही शेजारच्या खोलीतून, मेसेज करून. आम्ही दोघांनीही त्यावर हसणारे चेहरे पाठवले.

मुलगी चार वर्षांची झाली, सकाळी प्ले-स्कूलला जायला लागली. दुपारी घरी आली की जेवायची आणि गुपचूप खेळायची. हट्ट नाही, रडणं नाही. किती गुणी आहे, असं मी आईला फोनवर सांगायचे.

ती खेळायची कुठे, तर युटिलिटीत. इथल्या फ्लॅटना स्वयंपाकघरामागे एक अरुंद जागा असते, वॉशिंग मशीन आणि भांडी घासायचा सिंक मावेल एवढी. तिलाच सगळे युटिलिटी म्हणतात. आमच्या युटिलिटीच्या एका भिंतीत खाली, जमिनीपासून हातभर उंचीवर, सिमेंटची जाळी होती. मशीन आणि त्या जाळीच्या मधल्या फटीत ती बाहुल्या घेऊन बसायची. बाहेरून फक्त पाय दिसायचे.

ती बोलत असायची. मुलं बोलतातच. पण एके दुपारी पाणी प्यायला उठले तेव्हा लक्षात आलं, ती मध्ये मध्ये थांबतेय. एक वाक्य बोलायची, गप्प व्हायची, मान हलवायची आणि मग बोलायची. फोनवर बोलणाऱ्या माणसासारखी. घरात तेव्हा एकच फोन होता, आणि तो माझ्या हातात.

"कोणाशी बोलतेस?"

"अक्काशी."

"कोण अक्का?"

"भिंतीतली," ती म्हणाली आणि बाहुलीचे केस विंचरायला लागली.

मी हसले आणि परत आत गेले.

पुढच्या काही दिवसांत तिचं बोलणं बदलत गेलं. 'ठीक आहे' ऐवजी 'सरी' म्हणायला लागली. थोडं दूध दे म्हणायचं असलं, तर "स्वल्प दे की". प्ले-स्कूलमधून उचलत असेल असं मला वाटलं, कारण दुकानात, रिक्षात आम्हीही तसंच बोलायला शिकलो होतो. पण तो 'की' कुठून आला? नागपूरचा नव्हता तो. शाळेतल्या कन्नड बायांचा तर नाहीच नाही.

मग गाणं आलं. आंघोळ घालताना ती गुणगुणत होती. चाल अगदी संथ, दोन-तीन सुरांतच फिरणारी. शब्द ऐकायला मी पाणी बंद केलं.

"तांदूळ धुतला, दार लोटलं, ऊन आलं गच्चीवर. डोळे उघडे, अण्णा माझा, आहेस का रे घरावर."

"हे कोणी शिकवलं?"

"अक्काने. अण्णासाठी आहे. अण्णा डोळे उघडे ठेवून झोपतो."

मी भराभर तिच्या अंगावरचा साबण धुतला. तिला पुसून बाहेर आणलं आणि टॅबमध्ये तिने काय काय पाहिलं ते सगळं तपासलं. कार्टून, फुगे फोडायचे खेळ, इंग्रजी बडबडगीतं. ते गाणं कुठेच नव्हतं. शब्द टाकून शोधलं, तरी नाही. जगातली कुठलीही गोष्ट फोनमध्ये सापडते, अशी माझी तोवर समजूत होती. हे गाणं त्यात नव्हतं. माझ्या चार वर्षांच्या मुलीला मात्र ते पाठ होतं.

त्या संध्याकाळी वरण-भात भरवताना ती म्हणाली, "आई, अक्का विचारत होती, तुमच्या घरात ती हसणारी बाई कोण?"

"कुठली हसणारी बाई?"

"माहीत नाही. अक्का म्हणते ती खूप हसते. मध्येच थांबते. मग एक माणूस ओरडतो. अक्काला भीती वाटते."

मी दिवाणखान्याकडे बघितलं. तिथे नवरा सोफ्यावर बसला होता, चेहऱ्यावर फोनचा निळा उजेड. आमच्या घरात हसणारं कोणीही नव्हतं. मी शेवटची मोठ्याने कधी हसले होते, तेही आठवेना.

नवऱ्याला सांगितलं, तर त्याने मान वर न करता "हं" म्हटलं. थोड्या वेळाने लहान मुलांच्या काल्पनिक मित्रांवरचे चार लेख त्याच्याकडून माझ्या फोनवर आले. मी तेही वाचले. नॉर्मल आहे, असं सगळ्यांत लिहिलं होतं.

दुसऱ्या दुपारी मुलगी झोपल्यावर मी युटिलिटीत गेले आणि तिच्या त्या फटीत कशीबशी अंग चोरून बसले. फोन ओट्यावर ठेवला होता. जाळीतून गार हवा येत होती, तिला ओल्या सिमेंटचा आणि कसल्यातरी तेलाचा वास. आत अंधार. लांब कुठेतरी पाइपातून पाणी घसरत होतं. मला वाटतं, कित्येक महिन्यांत मी पहिल्यांदाच काहीही न करता बसले होते. सारखं वाटत होतं, उठावं, फोन घ्यावा, काय आलंय ते बघावं. हात दोनदा ओट्याकडे गेला.

मग भिंत बोलली. अगदी जवळून, कानाशी.

"आलीस का गं बाळ? आज उशीर?"

मी उठले ती डोकं मशीनवर आपटूनच. बेडरूममध्ये जाऊन मुलीला झोपेतून उचलून घेतलं आणि तशीच दारापर्यंत गेले. दार उघडं टाकून जिन्यात उभी राहिले. तिथे खालून भाजल्या मिरच्यांचा वास येत होता, कोणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली. त्या साध्या वासाने डोकं ताळ्यावर आलं. मुलगी माझ्या खांद्यावर डोळे चोळत म्हणाली, "अक्काने बोलावलं?"

"अक्का कुठे राहते?"

"खाली. भिंतीत खाली."

मग मला समजलं. सगळ्या फ्लॅटच्या युटिलिटी आणि बाथरूम एकाच पोकळीत उघडतात. तिला डक्ट म्हणतात, पाइप त्यातूनच जातात. हे मला माहीत होतं. भाड्याचं घर बघताना ब्रोकरने दाखवलंही होतं. तरी मिळालेल्या उत्तराने भीती गेली नाही. माझी मुलगी कित्येक महिने रोज कोणाशी तरी बोलत होती आणि मला त्या माणसाचा चेहरा माहीत नव्हता.

मी तिला कडेवर घेऊन एक मजला उतरले. दारात तांदळाच्या पिठाची रांगोळी होती. बेल वाजवली. साठीच्या पुढच्या एका बाईने दार उघडलं. सुती साडी, केसांत अबोलीचा तुकडा. तिने आधी मुलीकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

"तू," ती म्हणाली. "तू एवढीशी आहेस होय. आवाजावरून मोठी वाटायचीस."

मुलीने लगेच तिच्याकडे हात पसरले. ज्या बाईला तिने जन्मात पाहिलं नव्हतं, तिच्या गळ्यात ती पडली.

"मी वरच्या मजल्यावरची," मी म्हटलं. "हिची आई."

बाईने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. अविश्वास होता तिच्या नजरेत, थोडी भीतीही. "हौदा?" ती म्हणाली. "खरंच? बा, आत या."

तिचं कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरूचं. घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्ही एकमेकांत मुरलेल्या. "तुमचं मराठी पुस्तकातल्यासारखं," ती म्हणाली. "आमचं असंच, मोडकं." मला ते मोडकं वाटलं नाही. तिने लग्न केलं नव्हतं. थोरला भाऊ विधुर, तो आणि ती दोघंच राहायचे. दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. जीव वाचला, पण तेव्हापासून तो बोलत नव्हता, हलत नव्हता.

तो स्वयंपाकघराला लागूनच्या खोलीत होता. काम करताना दिसावा म्हणून अक्काने त्याचा पलंग तिथे आणला होता. उंच, हाडकुळा माणूस, स्वच्छ दाढी केलेली. डोळे उघडे. ते छताकडे लागले होते. मी आत गेल्यावर ते हळूहळू माझ्याकडे वळले आणि तिथेच थांबले.

"ऐकू येतं म्हणतात डॉक्टर," अक्का म्हणाली. "म्हणून गात असते. आईची चाल आहे. शब्द आमच्या घरातले, रोज काय झालं ते. भात झाला, धोबी आला. माणसाला घरात काय चाललंय ते कळायला हवं ना."

मुलगी पलंगाच्या कडेला हनुवटी टेकवून म्हणाली, "अण्णा, मी आले." ते डोळे मला सोडून तिच्याकडे गेले. छतावरून माझ्याकडे वळायला त्यांना जेवढा वेळ लागला होता, त्याहून जरा लवकर.

"बघितलंत?" अक्का हळू आवाजात म्हणाली. "त्याच्यामुळेच. एकदा वरून हिचा आवाज आला आणि अण्णाचे डोळे फिरले. माझ्या गाण्याला नाही फिरत. मग मी हिला बोलत ठेवायला लागले. चुकलं असेल माझं. कोणाचं लेकरू, न विचारता. पण हिला कोणी हाक मारायचं नाही, म्हणून मला वाटलं…"

तिने अण्णाची चादर सरळ केली.

"काय वाटलं?"

अक्का चहा टाकायला वळली. पाठमोरी असतानाच तिने सांगितलं.

"रागावू नका. तुमचं घर मला चांगलं वाटायचं नाही. दिवसभर त्या डक्टमधून आवाज यायचे. एक बाई हसायची, मध्येच तुटायची. मग कोणीतरी ओरडायचं. मग गाणं, तेही अर्धं. मग कोणी रडायचं. परत तीच बाई, तसंच हसणं, तिथेच तुटणं. बोलणं कोणाचंच पुरं व्हायचं नाही. आणि त्या सगळ्यांत हे लेकरू एकटंच बोलत असायचं, आणि त्याला उत्तर देणारं कोणीच नाही. सिक्युरिटीला विचारलं, तर तो म्हणाला नवरा-बायको आहेत, शांत माणसं. मला खरं वाटेना. मी जाळीपाशी ऊद जाळायचे, अमावास्येला लिंबू ठेवायचे. वाटायचं, लेकरूसुद्धा जिवंत आहे की नाही, कोण जाणे."

मी चहाचा कप हातात धरून बसले होते. डोळ्यांसमोरून माझी बाथरूम गेली, तिची छोटी खिडकी डक्टमध्ये उघडणारी, आणि झाकणावर बसलेली मी. ती हसणारी बाई मला माहीत होती. कुठल्याशा विनोदी व्हिडिओंवर तेच एक हसणं सगळे लावतात. मी ते हजारदा ऐकलं असेल. आणि त्याचा विचार एकदाही केला नव्हता.

मी अक्काला सांगितलं. फोन आहे, बाथरूममध्ये मीच असते. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "सरी." तिचं समाधान झालं, असं मात्र तिच्या चेहऱ्यावरून वाटलं नाही.

त्यानंतर मी सुधारले, असं म्हटलं तर खोटं होईल. चार-पाच दिवस लाज वाटली. मग बाथरूमची खिडकी बंद करून, कानात इअरफोन घालून बसायला लागले. मुलगी आता खुशाल जिना उतरून खाली जायची आणि मला तेही सोयीचंच वाटायचं.

एका रविवारी दुपारी अक्का वर आली. अण्णाला भरवायची एक ट्यूब मिळत नव्हती, जयनगरपर्यंत जावं लागणार होतं. रोज येणारी बाई सुटीवर होती. "तासभर बसाल का? काही करायचं नाही. फक्त त्याला एकटं सोडू नका. घशात काही अडकलं तर मान वळवायची." मुलगी झोपली होती, नवरा घरी होता. माझा फोन चार्जिंगला लावलेला. बॅटरी संपलेली होती म्हणून मी तशीच गेले.

मी पलंगाजवळच्या स्टुलावर बसले. अण्णांचे डोळे माझ्याकडे आले आणि तिथेच राहिले.

एखादं माणूस तुमच्याकडे न थांबता बघत राहतं तेव्हा काय होतं, हे मी विसरले होते. मी हसले, नमस्कार केला, नाव-गाव सांगितलं. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. पंखा फिरत होता. माझा हात कुर्त्याच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. पुन्हा गेला. अंगठा मांडीवर आपोआप सरकायला लागला. अण्णांची नजर हळूच त्या अंगठ्यावर उतरली. मी मूठ आवळली. त्यांनी परत माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत काही नव्हतं, किंवा सगळंच होतं. मला ते सांगता यायचं नाही. मी त्यांना घाबरले होते, आणि माझ्यात काय उरलंय ते त्यांना दिसत असेल, यालाही.

मग वरून हसण्याचा आवाज आला.

बाई हसली आणि तुटली. ढोलासारखं काहीतरी वाजलं, तुटलं. एक माणूस इंग्रजीत ओरडला, तुटला. पुन्हा ती बाई. डक्टमधून उतरताना आवाज मोठे आणि पोकळ होत होते. एका घरात पाच-सहा वेडी माणसं कोंडली आहेत आणि कोणालाच दुसऱ्याचं ऐकू येत नाही, असं वाटत होतं. ते माझं घर होतं.

मग मधूनच स्पष्ट, जाळीच्या अगदी जवळून, माझ्या मुलीचा आवाज आला. ती उठली होती.

"अक्का?"

अण्णांचे डोळे युटिलिटीकडे वळले. मी तिथे गेले. पलंग दिसेल अशी जाळीपाशी वाकले.

"अक्का बाहेर गेली आहे, बाळा."

"मग तू कोण?"

"मी आई."

"नाही," ती म्हणाली. घाबरून नाही, समजावून सांगितल्यासारखं. "आई बाथरूममध्ये आहे. आवाज येतोय."

"अगं, आत बाबा आहे. मी खाली आलेय, अण्णापाशी."

ती गेली. तिची पावलं ऐकू आली, मग बाथरूमच्या दारावरची थाप. "आई, भिंतीत दुसरी बाई आहे. ती म्हणते मी आई आहे."

आतून, त्या हसण्याच्या मधूनच, "हं" एवढाच आवाज आला.

तो "हं" आमच्या घरातला. मीही तसाच म्हणायचे. आईचा की बाबाचा, ते त्यावरून ओळखू येण्यासारखं नव्हतं. ती परत आली.

"आई आत आहे," ती मला म्हणाली.

धावत वर जावंसं वाटत होतं, पण अण्णांना सोडून जाता येत नव्हतं. मी जाळीला धरून जमिनीवर बसले. "मीच आई आहे. खरंच. काहीही विचार."

तिने विचार केला. मग म्हणाली, "मी आज कुठला फ्रॉक घातलाय?"

सकाळी मीच तिला आंघोळ घातली होती. कपडे मीच काढले होते, बटणं मीच लावली होती. मी डोळे मिटले आणि आठवायला लागले. तिथे काहीच नव्हतं. पिवळा? चौकटीचा? माझ्या हातांनी केलेली गोष्ट, पण मी तिथे नव्हतेच.

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

"मग नाहीस," ती म्हणाली. तिने ते सहज म्हटलं आणि खेळायला लागली. बाहुलीशी बोलण्याचा आवाज येत राहिला, त्यावर ती हसणारी बाई.

अक्का परत येईपर्यंत मी तिथेच बसून होते. मी बोलत राहिले. काय सुचेल ते. अंबाझरीच्या तलावाचं सांगितलं, लहानपणी मला कुत्रा चावला होता ते सांगितलं, ती जन्मली तेव्हा नागपुरात किती ऊन होतं ते. वरून उत्तर येत नव्हतं, पण बाहुलीचं बोलणं थांबलं होतं. ऐकत होती. पलंगावरून अण्णांचे डोळेही माझ्याकडेच होते. तेव्हा मात्र त्यांची भीती वाटली नाही. कोणीतरी साक्षीला आहे असं वाटलं.

अक्काने मला हात देऊन जमिनीवरून उठवलं. मी जिना चढून वर गेले. मुलगी मशीनच्या फटीतून बाहेर आली. निळा फ्रॉक होता, खिशावर ससा. तिने माझ्याकडे बघितलं, मग बाथरूमच्या दाराकडे, मग परत माझ्याकडे. जवळ येऊन माझ्या गालाला बोट लावून पाहिलं.

नवरा बाहेर आला, तेव्हा मी त्याच्यावर ओरडले नाही. त्याच्या जागी रोज मीच असायचे. मी फक्त म्हटलं, "तुझा फोन चालू ठेव. तिथेच ठेव आणि माझ्याबरोबर खाली चल."

"का?"

"चल."

मी मुलीला अक्काकडे दिलं आणि त्याला जाळीपाशी उभं केलं. आधी तो गालात हसत होता. मग हसणं गेलं. त्याने मान तिरकी करून ऐकलं, आणखी जवळ गेला. वर आमच्या रिकाम्या घरात तो एकच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लागत होता. बाई हसत होती.

"आपल्याकडे कोणी नाहीये आत्ता," तो म्हणाला. हे विचारणं होतं की सांगणं, कळलं नाही.

"नाही."

"बंद कर ते," तो म्हणाला. मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो स्वतः जिना चढून गेला. आवाज थांबला. तो लगेच खाली आला नाही. नंतर कळलं, तो युटिलिटीत त्या फटीसमोर उभा राहून तिच्या बाहुल्या बघत होता.

त्यानंतरचे दिवस सोपे नव्हते. फोन स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटात ठेवायचा, कामापुरता काढायचा, एवढंच ठरवलं होतं. मी चिडचिडी झाले. शांततेत मला ते हसणं ऐकू यायचं, नळाच्या पाण्यात, मिक्सर थांबल्यावर. दुपारी काम आटोपलं की मी अण्णांपाशी जाऊन बसायचे. तिथे जाण्यात मोठेपणा काही नव्हता. एकटी बसू शकत नव्हते आणि ते माणूस माझ्याकडून काही मागत नव्हतं. मी त्यांचा हात हातात घ्यायचे. माझा अंगठा त्यांच्या तळव्यावर सरकायचा, मग हळूहळू थांबायचा. तो कधी थांबतो, तिकडे मी लक्ष ठेवायला लागले. अक्का भाजी निवडत गायची. तिने मला चाल शिकवली. माझा आवाज वाईट आहे, तरी तिने थांबवलं नाही.

मुलीने विश्वास टाकायला बराच वेळ घेतला. कितीतरी दिवस ती सकाळी तयार झाली की माझ्यासमोर उभी राहून म्हणायची, "नीट बघ." मी नीट बघायचे.

अण्णा बरे झाले नाहीत. त्या वर्षीच्या थंडीत, सकाळी, अक्का त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले. तिने मला हाक मारली ती जाळीतूनच. आम्ही दोघं खाली धावलो. इमारतीतली माणसं जिन्यात जमली. त्यातल्या बहुतेकांचे चेहरे मी पहिल्यांदाच बघत होते. अण्णांचे डोळे उघडेच होते. अक्काने ते मिटायला हात पुढे केला आणि मागे घेतला. "सवय नाही," ती म्हणाली. शेवटी नवऱ्याने मिटले.

आता अक्का शहराबाहेर, आनेकलला भाचीकडे राहते. महिन्या-दोन महिन्यांनी आम्ही बसने जातो. मागे नाचणीचं शेत आहे, समोर एक छोटा कारखाना, त्याची शिफ्ट सुटली की रस्ता भरून जातो. ती आता गात नाही. मागच्या वेळी मी विचारलं, गाणं का सोडलं?

"सोडलं नाही," ती म्हणाली. "दुपारी सगळे कामाला जातात. मी गप्प बसते. मग आतल्या खोलीत अण्णा कूस वळवतो, तेवढं ऐकू येतं. मी गायले तर ऐकू येणार नाही ना."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "भीती नाही वाटत?"

"स्वल्प वाटते." तिने मुलीच्या ताटात आणखी भात वाढला. "वाटू दे. घरात कोणीतरी आहे एवढं कळतं."

आम्ही जेवत होतो. बोलणं थांबलं होतं आणि कोणी ते भरून काढलं नाही. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं. मुलीने घास हातात धरला, मान वळवली आणि तिकडे बघत राहिली. मीही बघितलं. मग अक्का ताक आणायला उठली.